डोलकाठीला डोलू द्या

कॅटमरानच्या बाजूच्या तारा गिटारसारख्या वाजेपर्यंत आवळायच्या, हा सल्ला देणाऱ्यांशी माझं भांडण आहे. एका बुडाच्या, न फिरणाऱ्या काठीच्या बोटीवर तो चालत असेल. होबी 16 वर तो घातक आहे.

तिची 26 फुटांहून उंच डोलकाठी मुद्दामच थेंबाच्या आकाराची केलेली आहे आणि बुडाशी फिरते. काठी नाकासमोर सरळ राहिली, तर वारा तिच्या कडेवर फुटतो आणि शिडाच्या ज्या पाठीवर ओढ तयार होते, तिथेच भोवरे होतात. काठी वाऱ्याकडे वळली की शीड आणि काठी मिळून एक पंख होतो. तारा आवळल्या की ती वळतच नाही. वर पुढच्या आडव्या दांड्यावर फुकटचा भार!

वाऱ्यापलीकडची तार सैल लोंबते? लोंबू दे. भार वाऱ्याकडची तार घेतेच आहे. फार वळू नये म्हणून काही बोटींवर अडवणारा दांडा असतो, तो लावा. मंद वाऱ्यात बोट वळवल्यावर काठी अडली, तर हाताने ढकला.

आमच्या नाशकात बोट म्हटलं की गंगापूर धरणावरची मोटरबोटच आठवते. अशा गावातलं एखादं पोरगं शिडाकडे आलं, बोट आवळलेल्या काठीमुळे रखडली, आणि वर त्यालाच ऐकवायचं, "तुला वारा कळत नाही." ते पुन्हा कशाला येईल? आधी तारा तपासा, मग पोराला बोला.