घरपट्टी भरा, आणि हिशेबही मागा

एप्रिलमध्ये घरपट्टी भरली की सवलत मिळते, म्हणून मी सुरुवातीलाच भरून मोकळा होतो. मागच्या खेपेला पावती खिशात घालून दूध बाजारात चहाला थांबलो, तर शेजारचे चाचा म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले लोकसुद्धा भरता? आपल्या मोहल्ल्याला मिळतं काय?" टपरीवरच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या.

चाचांचं म्हणणं मला पटत नाही. पण त्यामागचा राग खोटा नाही, आणि तो चुकीच्या दारावर निघतोय, म्हणून हे लिहितो आहे.

एक काळ असा होता की नाशिक महापालिकेचा सगळ्यात मोठा पैसा शहराच्या वेशीवर गोळा व्हायचा. जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या. वडिलांचा कापडाचा माल तिथूनच यायचा आणि नाक्याचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. जकात जाचक होती, भ्रष्टही होती. तिची आठवण काढून रडावं असं काही नाही. पण तो पैसा शहराचा होता. 2013 साली जकात जाऊन एलबीटी आला. 1 ऑगस्ट 2015 पासून पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तोही माफ झाला आणि जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. आता राज्य सरकार दरमहा भरपाई पाठवतं. 2016-17 चं उत्पन्न पाया धरून त्यावर वर्षाला आठ टक्के वाढ, असं कायद्याचं गणित आहे. शहर कितीही वाढो, पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत कितीही इमारती उठोत, ते गणित बदलत नाही. त्यात केंद्राने राज्याला द्यायची पाच वर्षांची भरपाई जून 2022 मध्ये संपली. पगार, पाणी, कचरा या सगळ्याचा खर्च आपल्या गावात आणि त्याची चावी मुंबईत, अशी ही व्यवस्था आहे.

जबाबदाऱ्या मात्र खालीच ढकलल्या जातात. शहर बससेवा पूर्वी एसटी चालवायची. ती नको झाली तेव्हा महापालिकेने 2021 मध्ये सिटीलिंक सुरू केली आणि तोटा स्वतःच्या अंगावर घेतला. बस हवीच. कामावर जाणाऱ्या बाईला आणि कॉलेजला जाणाऱ्या पोरीला दुसरं काय परवडणार? पण तोटा कुणी सोसायचा, हे सर्वसामान्य नाशिककराला कुणी विचारलं? स्मार्ट सिटीचंही तेच. केंद्राच्या पाचशे कोटींना तेवढीच भर राज्याने आणि महापालिकेने मिळून घालायची, आणि खर्चाचे निर्णय मात्र एका कंपनीच्या संचालक मंडळात व्हायचे. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा जेमतेम सव्वा किलोमीटरचाही नसलेला रस्ता किती काळ उखडलेला होता, हे सीबीएसवरून जाणारा कुणीही सांगेल.

म्हणजे राज्याकडे बोट दाखवलं की संपलं? नाही. 2018 आठवा. आयुक्त तुकाराम मुंढे आले आणि त्यांनी कामांना तीन अटी लावल्या: कामाची गरज, पैशाची उपलब्धता, तांत्रिक व्यवहार्यता. कोट्यवधींची रस्त्यांची कामं थांबली. माझ्या मते ती त्रिसूत्री शंभर टक्के बरोबर होती. पण मोकळ्या जमिनींसह मिळकतींचं करमूल्य त्यांनी सभागृहाला बाजूला ठेवून वाढवलं, ते शंभर टक्के चूक होतं. कराचे दर 20 फेब्रुवारीच्या आत महासभेने ठरवायचे, असं कायदा म्हणतो, आणि ते उगाच नाही. मग नगरसेवक पेटले, अविश्वास ठराव आला, मुख्यमंत्र्यांनी तो मागे घ्यायला लावला आणि नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. त्या सगळ्या गदारोळात करवाढीवर गळा काढणाऱ्या किती जणांनी खर्चाची वही उघडा म्हटलं? आपले म्हणवणारेही त्यात गप्पच होते.

तिजोरीत पैसा नसताना कामं मंजूर करत जायचं आणि त्याला 'दायित्व' असं गोड नाव द्यायचं, ही सवय सर्वपक्षीय आहे. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकानेच अंदाजपत्रक मांडायचं आणि प्रशासकानेच मंजूर करायचं. या काळात आपण कर भरत होतो, पण आपल्या वतीने प्रश्न विचारायला सभागृहात एकही माणूस नव्हता.

आता सिंहस्थ आहे. त्यासाठी पैसा येतोय, यावाच. लाखो माणसं येणार, त्यांना पाणी, रस्ते, संडास हवेतच, आणि गोदावरी स्वच्छ झाली तर ती काजीगढीखालूनही स्वच्छच वाहील. माझा प्रश्न मेळा उठल्यानंतरचा आहे. मलनिस्सारण केंद्रं बांधायला निधी मिळतो. ती चालवायचं वीजबिल, माणसं, दुरुस्ती हे सगळं पुढची बारा वर्षं घरपट्टीतून आणि पाणीपट्टीतून जाणार. तो आकडा आज, बांधकामाच्या निविदेबरोबरच, लोकांसमोर ठेवला पाहिजे.

चाचांना मी म्हटलं, कर बुडवणारा बिल्डर आणि तुम्ही एकाच रांगेत का उभे राहता? हजारो मिळकतींची नोंदच नव्हती, हे महापालिकेच्याच सर्वेक्षणात निघालं. त्या नोंदल्या गेल्या तर प्रामाणिक माणसाचा दर वाढवायची गरज कमी होते. आणि आपण भरलंच नाही, तर "यांचा मोहल्ला कर भरत नाही" हे वाक्य आपल्या तोंडावर फेकायला लोक टपलेलेच आहेत. थकबाकीदार सगळ्या भागांत आहेत, हे मग कुणी ऐकत नाही.

राज्याने 2009 साली महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. मतदान केंद्राच्या हद्दीतल्या मतदारांनी बसून आपल्या भागातल्या कामांचा विचार करायचा. मी भद्रकालीत आयुष्य काढलं, अशा सभेचं बोलावणं मला कधी आलेलं नाही. आता नवे नगरसेवक निवडून आले आहेत. त्यांच्याकडे मी गटार नाही, हायमास्ट नाही, कमान तर नाहीच नाही, तीन कागद मागणार आहे: प्रभागातून किती कर आला, प्रभागात कशावर किती गेला, आणि मंजूर होऊन पैशाविना पडलेली कामं कोणती. अर्ज लिहून तयार आहे. त्यावर गल्लीतल्या एकवीस जणांच्या सह्या आहेत, त्यांत आठ बायका. चाचांची अजून नाही. आधी थकबाकी किती ते बघतो, म्हणाले.