दुकान बंद केलं, पोराचं काय?



खामगाव तालुक्यातल्या एका गावात दारूबंदीच्या बैठकीला गेले होते. बाया पांगल्या, तशी एकजण मागे रेंगाळली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, "ताई, नवऱ्याचं तं साऱ्या गावाले मालूम हाय. पण आता पोट्टाबी पेते. सोळाचा हाय. सांगू कोनाले?"

घरात दोन उपाय झाले होते. बापानं, स्वतः पिऊन, पोराला पट्ट्यानं फोडलं होतं. आणि सासूनं ठरवलं होतं की याचं लगीन लावून द्यावं, म्हणजे ताळ्यावर येईल. मुलगी बघणं सुरू होतं.

मी गप्प झाले. दुकान बंद करण्याची रीत मला तोंडपाठ आहे. २००८ चा शासन आदेश, २५ टक्के बायांच्या सह्या, गुप्त मतदान, एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं 'आडव्या बाटली'ला. पण तिच्या पोराला उभं कसं करायचं, हे मला सांगता येईना.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी 'मुक्तांगण' उभं केलं. तिथं व्यसनाकडे आजार म्हणून पाहिलं जातं आणि उपचारात घरच्यांनाही सामील करून घेतलं जातं. आपल्याला नेमकं हेच शिकायचं आहे. आजाराला पट्टा चालत नाही. मुलगा शुद्धीत असताना, चारचौघांत नव्हे तर एकट्याला जवळ बसवून विचारावं: कधीपासून, कुणासोबत, कशासाठी? आणि ऐकून घ्यावं. त्याची उधारी मात्र आईनं फेडू नये. भिंतींवरच्या जाहिरातींतली 'नकळत दारू सोडवणारी' पावडर जेवणात मिसळू नये. रोज भरपूर पिणाऱ्याला कोंडून एकदम दारू तोडणंही जिवावर बेतू शकतं. झटके येतात, भ्रम होतो. म्हणून आधी डॉक्टर. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांची चौकशी करा, १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत क्रमांकावर बोला. सुटलेली दारू पुन्हा सुरू झाली, तरी सगळं वाया गेलं असं नाही. पुन्हा उपचार करावे लागतात, इतकंच.

गुन्हेगार पोरगा नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ प्रमाणे अठराच्या आतल्या मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ठाण्यात जायचं ते विकणाऱ्याविरुद्ध.

आणि ते लग्न? सोळाच्या मुलाचं लग्न बेकायदाच आहे. पण तो एकवीस वर्षांचा असता तरी मी हेच म्हटलं असतं: कुणाची लेक म्हणजे आपल्या पोराचं औषध नव्हे. त्या बाईचंही लग्न असंच, नवरा सुधारावा म्हणून झालेलं. हे सांगताना ती पहिल्यांदा रडली.

'आईनं लाडावला' असं गाव म्हणतं, म्हणून आई लपवते. लपवलं की आजार वाढतो. बापाच्या हातातल्या बाटलीबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

तेव्हा प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत दुकानाच्या विषयानंतर एक विषय वाढवावा: कुणाच्या घरात असं पोर आहे का? नाव विचारू नका. फक्त एवढं सांगा, की दवाखान्यात जायचं असेल तर आमच्यातली एकजण सोबत येईल. त्या बाईसोबत मी बुलढाण्याला गेले. पोरगा बसमध्ये खिडकीशी बसला होता. तिथून येताना त्यानं आईची पिशवी उचलली. सध्या एवढंच.