छपराखालची कोंडी

मे महिना सरत आला की कोकणात घरे शाकारण्याची लगबग सुरू होई. फुटकी कौले बदलायची, वासे-रीप तपासायचे, पन्हळीतला पालापाचोळा काढायचा. माकडांचा उपद्रव आणि मजुरी या दोन्हींना कंटाळून आता अनेकांनी कौले उतरवून पत्रे चढवले आहेत. त्यांना दोष देता येणार नाही. पण कौलांबरोबर घराची एक सोय गेली, तिकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष नाही.

ही सोय हवेची. बासेल मिशनच्या मंडळींनी १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला आणि तिथली कौले पुढे सगळ्या किनारपट्टीवर पसरली. ती एकमेकांत अडकतात, तरी त्यांच्या फटींतून माळ्यावरची तापलेली हवा निघून जाते. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घराला वर सवणे असे, त्यातूनही धुराबरोबर गरम हवा बाहेर पडे. पत्र्याच्या घरात वर पत्रा, खाली हौसेने लावलेले पीव्हीसीचे आढे-झाकण आणि मधे कोंडलेली हवा. उन्हाळ्याच्या दुपारी पत्रा साठ अंश सेल्सिअसच्या पुढे सहज तापतो. सूर्य मावळल्यावर तो लवकर निवतो, पण भिंती आणि माळ्यावरचे सामान उष्णता धरून बसते. दिवसभर उन्हात राबलेल्या शरीराला रात्री निवायला मिळाले नाही, तर वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना धोका वाढतो.

उपाय खर्चिक नाही. आढ्याजवळ, दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत जाळीचे झरोके ठेवावेत आणि खाली वळचणीलाही फट असावी. केवळ वरचे झरोके पुरेसे नाहीत, कारण गरम हवा बाहेर पडायची तर तिच्या जागी गार हवा आत यावी लागते. जाळी बारीक हवी, नाहीतर वटवाघळे मुक्कामाला येतात. पत्र्याला वरून पांढरा रंग किंवा चुना द्यावा. नवा पत्रा चकाकतो म्हणून तो थंड राहील हा समज खरा नाही. तो ऊन परतवतो, पण शोषलेली उष्णता बाहेर टाकण्यात कमी पडतो. पांढरा रंग दोन्ही कामे करतो. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना मात्र भोके पाडू नयेत. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ कर्करोगाला कारण ठरते.

पावसाळ्यात हीच कोंडी वेगळ्या रूपात दिसते. पहाटे पत्र्याखालून थेंब पडतात, गळती समजून लोक वरून डांबर फासतात, तरी थेंब थांबत नाहीत. अनेकदा ते पावसाचे पाणी नसतेच. स्वयंपाकाची वाफ, ओले कपडे आणि माणसांचे श्वास यांतले बाष्प थंड पत्र्याला लागून त्याचे पाणी होते. पाऊस नसतानाही थेंब पडत असतील तर डांबराचा खर्च करण्याआधी झरोका पाहावा. ओल टिकली की बुरशी येते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत ओल व बुरशी असलेल्या घरांचा दमा बळावणे, खोकला आणि घरघर यांच्याशी असलेला संबंध स्पष्ट नोंदवला आहे. औषधाचा पंप बदलूनही मुलाचा दमा आटोक्यात येत नसेल, तर पालकांनी एकदा माळ्यावरही नजर टाकावी.

बाहेरची कामे बहुतेकांना ठाऊक असतात: तुंबलेली पन्हळ मोकळी करणे, जोत्याला टेकलेली माती हटवणे, भेगेतला पिंपळ लहान असतानाच उपटणे. पावसाळ्यासाठी अंथरलेला प्लास्टिकचा कागद दिवाळीपूर्वी काढणे मात्र बरेचजण विसरतात.

घरकुल योजनेत हप्ता सोडण्यापूर्वी बांधकामाची टप्प्याटप्प्याने छायाचित्रे घेतली जातात. पाया, भिंती आणि छत यांच्याबरोबर आढ्याजवळच्या झरोक्याचेही एक छायाचित्र सरकारने मागायला हवे. भिंत उभी राहतानाच दोन विटा कमी लावायच्या, एवढेच ते काम आहे. घर पुरे झाल्यावर त्याच कामासाठी गवंडी, छिन्नी आणि दिवसाची मजुरी लागते.