गर्दी आणि प्रभाव

दूरचित्रवाणीवरील सर्वांत प्रभावी मालिका कोणत्या, याच्या याद्या करण्याची हौस अलीकडे सुशिक्षित मंडळींत फार बळावली आहे. यादी कोणीही करावी. आमची हरकत आहे ती तिच्यामागच्या मापास. जिच्या वेळी रस्ते ओस पडले ती मालिका प्रभावी, असे हे माप. या न्यायाने जत्रेतला पाळणा देवळाहून थोर ठरावयाचा! गर्दी जमणे ही लोकप्रियता होय. गर्दी पांगल्यावर मागे जे उरते तो प्रभाव. अमुक मालिका झालीच नसती तर पुढचे काही निराळे घडले असते काय, एवढाच प्रश्न आम्ही विचारतो. आणि त्यास उतरणाऱ्या तीनच हिंदी मालिका आम्हांस दिसतात.

पहिली ‘हम लोग’. ती ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली. कुटुंबनियोजनाचे व स्त्रीच्या प्रतिष्ठेचे धडे कथेच्या ओघात द्यावे, ही मेक्सिकोतील मालिकांवरून घेतलेली कल्पना तिच्या मुळाशी होती. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे. भागाच्या अखेरीस अशोककुमार उपदेशाचे चार शब्द सांगत. फलश्रुती काय? सारे मुकाट्याने सोसणाऱ्या भागवंतीची दशा पाहून स्त्रिया सावध होतील, अशी योजना होती. अभ्यासकांनी विचारपूस केली तेव्हा तिलाच आदर्श मानणारे प्रेक्षक पुष्कळ आढळले! उपदेश विरला, दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया मात्र मालिकेच्या जोडीने घरोघर पोहोचल्या. घरगुती कथेच्या आधाराने माल खपतो, हे व्यापाऱ्यांस एकदा कळले ते कळलेच. २००० साली सुरू होऊन आठ वर्षे चाललेली ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आणि आजच्या आमच्या मराठी दैनंदिन मालिका ही सारी त्याच घराण्यातली संतती होय.

दुसरी रामानंद सागर यांची ‘रामायण’. २५ जानेवारी १९८७ पासून ३१ जुलै १९८८ पर्यंत ती चालली. तिने लोकांत भक्ती जागविली असे म्हणतात. हे आम्हांस मान्य नाही. ती भक्ती आमच्या कीर्तनकारांनी आणि जात्यावर ओव्या गाणाऱ्या बायकांनी कितीतरी आधीपासून जागती ठेविली होती. नवे घडले ते निराळेच. नाथांचा राम वेगळा, श्रीधराचा वेगळा, ओवीतल्या सीतेचे गाऱ्हाणे तर त्याहून वेगळे. या सर्वांवर एकच चेहरा, एकच वाणी आणि रविवार सकाळची एकच वेळ येऊन बसली. २०२० च्या टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा आमच्या घरातील लहान मुलांसही रामाचा तोच चेहरा मिळाला. याचा आनंद मानणाऱ्यांनी अवश्य मानावा. परंतु अनेक रामकथांच्या जागी एक आली, हा लाभ की तोटा, याचा विचार तरी करावा.

तिसरी गोविंद निहलानी यांची ‘तमस’. भीष्म साहनींच्या कादंबरीवरील ही फाळणीची कथा १९८८ च्या आरंभी दाखविली जात असता ती थांबवावी म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः पाहिली व मनाई नाकारली. सर्वोच्च न्यायालयानेही तोच कौल दिला. तसे करिताना नागपूरचे न्यायमूर्ती विव्हियन बोस यांच्या जुन्या निकालातील कसोटी त्याने पुढे ठेविली. कलाकृतीचा परिणाम समंजस व खंबीर मनाच्या माणसावरून जोखावा, डळमळीत मनाच्या माणसावरून नव्हे, हे तिचे सार. प्रेक्षकास शहाणा मानणारा हा दंडक आजही उपयोगी पडतो. गर्दीच्या मापाने ‘तमस’ कोठेच बसत नाही. आमच्या मापाने ती बसते.

यावर कोणी म्हणेल, ‘आणि तुमचा ‘चिमणराव’ कोठे गेला?’ चिं. वि. जोशींच्या पानांतून उठून मुंबई दूरदर्शनवर आलेला दिलीप प्रभावळकरांचा तो चिमणराव आमच्या बालपणीचा ठेवा आहे. या तिन्हींहून आम्हांस तो अधिक प्रिय आहे. परंतु प्रियता म्हणजे प्रभाव नव्हे. त्यास संतती झाली नाही, आणि हा दोष त्याचा नसून आमचा आहे. आम्ही शिकल्यासवरल्या लोकांनी त्याचे कौतुक केले, तसले आणखी मात्र मागितले नाही; मग दैनंदिन मालिकांस नाके मुरडीत रोज रात्री त्यांच्याच पुढे जेवावयास बसलो. न्यायालयाने ज्या खंबीर प्रेक्षकावर भरवसा ठेविला, तो आमच्या घरांत आहे काय? याद्या करण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने आपापल्यापुरते द्यावे.