पत्ता तुमचा, मर्जी माझी!

'कुठलाही एक पत्ता घे.' जादूच्या दुनियेतली सगळ्यात मोठी थाप कुठली असेल, तर ती हीच! समोर बावन्न पत्ते पसरलेले, कुणी तुमचा हात धरलेला नाही, आणि तरीही तुम्ही उचललेली चौकट सत्ती जादूगाराने आधीच ठरवून ठेवलेली असते. या प्रकाराला म्हणतात 'फोर्स'. नाव दांडगाईचं, पण काम एकदम मखमली! गेले काही महिने मी हे शिकतेय आणि बोटांच्या सफाईपेक्षा त्यामागच्या डोक्यानेच जास्त चाट पडलेय.

तर मंडळी, घरातला पत्त्यांचा कॅट काढा. 'बदाम सात' खेळून मऊ पडलेला असला तरी चालेल.

पहिला धडा : क्रॉस-कट

अगदी नवशिक्यांसाठी असलेला फोर्स. हवा तो पत्ता, समजा इस्पिकची राणी, कॅटच्या सगळ्यात वर ठेवा. कॅट टेबलवर पालथा. मित्राला सांगा, 'हवा तिथून काट.' त्याने उचललेला वरचा गठ्ठा बाजूला ठेवायला लावा आणि उरलेला खालचा गठ्ठा त्यावर आडवा टाका. फुलीसारखा. 'तू इथे काटलंस, खूण करून ठेवतो.'

आता खरी गंमत. लगेच पत्ता उचलायचा नाही! पंधरा-वीस सेकंद बोला. त्याच्या डोळ्यांत बघून विचारा, 'आणखी दोन पत्ते खाली काटलं असतंस तर? मी काही सुचवलं का तुला?' तो विचारात पडतो, टेबलवरून नजर हटते. मग वरचा आडवा गठ्ठा उचला आणि खालच्या गठ्ठ्यावरचा पत्ता दाखवा. इस्पिकची राणी! ती तर मुळात सगळ्यात वर होती. पण मधल्या गप्पांत कुठला गठ्ठा वरचा आणि कुठला खालचा, हे तो साफ विसरलेला असतो. हाताने काहीच केलं नाही, काम केलं ते त्या वीस सेकंदांनी.

दुसरा धडा : टायमिंग

'क्लासिक फोर्स' मात्र महिनोन्‌महिने घाम काढतो. पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात सरकवत न्यायचे आणि समोरच्याची बोटं जवळ येतील नेमक्या त्या क्षणी आपला पत्ता त्यांच्यापुढे आणायचा. चुकलं तर? बिनधास्त दुसरी ट्रिक सुरू करायची! पुढे काय होणार हे आपण सांगितलेलंच नसतं ना.

हे किती चालतं? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा संशोधक जे ओल्सन स्वतः जादूगार. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याने लोकांसमोर कॅट फर्रकन उलगडला. ठरलेला पत्ता बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त वेळ दिसेल अशा बेताने. ९८ टक्के लोकांनी तोच पत्ता निवडला! आणि आपल्याला कुणी तिथे नेलं, याची दहांतल्या साधारण नऊ जणांना दादच नव्हती.

तिसरा धडा : आधी निवड, मग नियम

माझा सगळ्यात लाडका प्रकार 'मॅजिशियन्स चॉइस'. टेबलवर दोन पत्ते, त्यातला एक आपला. 'एकावर बोट ठेव.' आपल्या पत्त्यावर ठेवलं, तर 'छान, हा तुझा!' दुसऱ्यावर ठेवलं, तर 'ओके, तो बाजूला करू.' निवड कुठलीही असो, शेवट एकच. फंडा इतकाच की, निवडीचा अर्थ निवड झाल्यावर सांगायचा.

आता हे जरा ऑफिसात आणून बघा. भर कामात फोन येतो, 'मॅडम, क्रेडिट कार्ड घरच्या पत्त्यावर पाठवू की ऑफिसच्या?' इथेही पत्ताच निवडायचाय, फक्त वेगळा! कार्ड हवंय का, हा प्रश्न कुठे गेला? किंवा बॉस प्रेमाने विचारतो, 'शनिवारी येतेस की रविवारी?' आपण रविवार मोकळा ठेवला म्हणून खुशीत. सुट्टी मात्र कधीच बाजूला केलेल्या पत्त्यासारखी गायब.

आणि निवड एकदा आपली वाटली की तिची वकिलीही आपणच करतो. स्वीडनच्या पेटर योहानसन आणि लार्स हॉल यांनी २००५ मध्ये हे पत्त्यांच्याच हातचलाखीने दाखवलं. दोन चेहऱ्यांच्या फोटोंतला जास्त आकर्षक निवडायला सांगून त्यांनी हातात दिला न निवडलेला फोटो. बहुतेकांना कळलंच नाही. उलट 'हाच का निवडला' याची कारणं त्यांनी झोकात दिली! एकाला तर कानातले आवडले होते. त्याने खरोखर निवडलेल्या चेहऱ्याला ते नव्हतेच. फ्लॅट, फोन, पॉलिसी... आपण मित्रांना जी कारणं ऐकवतो, त्यांतली किती नंतर सुचलेली असतात?

म्हणून फोर्स शिकाच. पार्टीत इम्प्रेशन मारायला तर तो सॉलिडच आहे, पण त्याहून जास्त, फोर्स होत असताना ओळखायला. खूण सोपी आहे. निवड करायला सांगितलं की आधी विचारा, 'निवडल्यावर काय होणार? आणि यातलं काहीच नको असेल तर?' जादूगाराला हा प्रश्न अजिबात आवडत नाही. सेल्समनला तर त्याहून नाही!

आणि एक पथ्य. फोर्स करायचा तो फक्त अशाच माणसावर, ज्याला माहितीये की समोर जादू चाललीये. पैसे लावून किंवा मनातलं ओळखण्याची 'सिद्धी' म्हणून केला, की त्याच ट्रिकची फसवणूक होते. टेबलवरच्या मित्राने गंडायला स्वतः होकार दिलेला असतो. त्याच्या सगळ्या निवडींपैकी तेवढी एक मात्र शंभर टक्के त्याची असते. ती जपा, आणि मग खुशाल म्हणा, 'घे, कुठलाही एक पत्ता घे!'