बारव राहिली, गाव गेले

महाराष्ट्रातून येणारे पाहुणे लाल किल्ला व कुतुबमिनार पाहून "दिल्ली पाहिली" म्हणतात, तेव्हा मला ते मान्य होत नाही. त्यांनी इमारती पाहिल्या, शहर नव्हे. पण दोष पाहुण्यांचा नाही. आपली शासनव्यवस्थाच इमारती मोजते, शहर मोजत नाही.

मी राहतो त्या द्वारकेत, सेक्टर १२ मध्ये, लोदी काळातील एक बारव आहे. इकडे तिला लोहारहेडीची बावली म्हणतात. तिची दुरुस्ती झाली, हे स्तुत्यच. परंतु तिचे पाणी भरणारे गाव आज तेथे नाही. भोवती उंच गृहसंकुले आहेत. वारसा म्हणून राहिला तो केवळ दगड.

शहाजहानाबादची गत अशी होऊ नये. १६३९ साली पायाभरणी झालेले हे नगर अजून नांदते आहे. तेथील हवेल्या, कटरे, कारागिरांच्या गल्ल्या हाच खरा वारसा. पण १९५८ च्या स्मारक कायद्याचा भर घोषित वास्तूंवर आहे. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आली. फूटपट्टी सर्वत्र एकच. गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याला मात्र घराच्या डागडुजीसाठीही परवानगी मागावी लागते. निर्बंध त्याच्या वाट्याला आले, साहाय्य नाही.

२०१५ साली दिल्लीचे जागतिक वारसा नामांकन केंद्र शासनाने मागे घेतले. विकासकामांत अडथळे येतील, ही भीती त्यामागे होती. मोडकळीस आलेल्या घरांत लोकांनी का राहावे, हा आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर नामांकन सोडणे हे नव्हे. १४११ साली वसलेल्या अहमदाबादने आपल्या पोळांसह २०१७ मध्ये हा मान मिळवला. वारसा-घराच्या मालकास हस्तांतरणीय विकास हक्क, अर्थात टीडीआर, देण्याची वाटही तेथे काढली गेली. तेथील अडचणी संपल्या असे मी म्हणत नाही. पण मालकाला जतनात वाटेकरी करता येते, एवढे निश्चित.

पुण्याच्या पेठांतील वाडे एकेक करून कसे गेले, हे आपण मराठी माणसांनी पाहिले आहे. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: दिल्लीचे नामांकन पुन्हा दाखल करावे, आणि त्याआधी रहिवाशांना दुरुस्तीसाठी अर्थसाहाय्य द्यावे. पाहुण्यांनीही चावडी बाजार मेट्रो स्थानकावर उतरून त्या गल्ल्यांतून पायी हिंडावे. माणसे उठून गेल्यावर उरेल ती बारव, नगर नव्हे.