तार कापणारा परराष्ट्रमंत्री

एक जुने छायाचित्र मला पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. दिवस २७ जून १९८९. हंगेरीचे परराष्ट्रमंत्री ग्युला हॉर्न आणि ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री आलॉइस मॉक सरहद्दीवरची काटेरी तार कापत आहेत. गंमत अशी, की कुंपण काढण्याचे काम मे महिन्यातच सुरू झाले होते. मंत्र्यांना कापण्यापुरती तार मुद्दाम ठेवावी लागली!

हॉर्न यांची खरी कसोटी त्यानंतर लागली. त्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीचे हजारो नागरिक हंगेरीत येऊन थांबले होते. ते घरी परतायला तयार नव्हते. त्यांना पश्चिमेकडे जाऊ द्यायचे नाही, असा पूर्व जर्मनीशी १९६९ चा करार होता. उलट, १९८९ मध्येच हंगेरीने निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला होता. कुणाला दिलेला शब्द पाळायचा? मिक्लोश नेमेथ यांच्या सरकारने माणसांच्या बाजूने कौल दिला. १० सप्टेंबरला हॉर्न यांनी तो दूरचित्रवाणीवर जाहीर केला आणि मध्यरात्री सीमा खुली झाली. दोनच महिन्यांनी, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत ढासळली.

मग हॉर्न यांना नायक म्हणायचे का? हंगेरीत याचे उत्तर सोपे नाही. १९५६ चा उठाव चिरडल्यावर सत्तेने उभारलेल्या सशस्त्र दलात ते होते. त्याबद्दलच्या त्यांच्या भूमिकेमुळे २००७ मध्ये, त्यांच्या पंचाहत्तरीला, राष्ट्राध्यक्ष लास्लो शोयोम यांनी त्यांना राष्ट्रीय सन्मान देण्यास नकार दिला. मला तो नकार समजू शकतो. पण म्हणून १९८९ चा निर्णय पुसला जात नाही.

तारेच्या छायाचित्राइतकी प्रसिद्धी न मिळालेले त्यांचे एक काम मला अधिक मोलाचे वाटते. १९२० च्या त्रियानॉन तहात हंगेरीचा दोन-तृतीयांश प्रदेश गेला आणि लाखो हंगेरियन भाषक शेजारी देशांत राहिले. बांधाचे भांडण पिढ्यान्‌पिढ्या कसे धुमसते, हे आपल्याला सांगायला नको. पंतप्रधान झाल्यावर हॉर्न यांनी १९९५ मध्ये स्लोव्हाकियाशी आणि १९९६ मध्ये रुमानियाशी करार केले. आहेत त्या सीमा मान्य केल्या आणि तिथल्या हंगेरियनांच्या हक्कांची हमी मागितली. देशात टीका झाली. परंतु शेजाऱ्यांशी भांडत राहणाऱ्याला नाटो आणि युरोपीय संघाची दारे उघडणार नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. १९९९ मध्ये हंगेरी नाटोत गेली आणि २००४ मध्ये स्लोव्हाकियाबरोबरच युरोपीय संघात. डिसेंबर २००७ पासून या दोन देशांमधली पासपोर्ट तपासणीही संपली.

हॉर्न २०१३ मध्ये वारले. त्यानंतर दोनच वर्षांनी, निर्वासितांचे लोंढे येऊ लागताच, त्याच हंगेरीने सर्बियाच्या सीमेवर नवे कुंपण उभारले. ते पाहून मला त्या जुन्या छायाचित्राचा अर्थ नव्याने कळला. तार कापली की काम संपत नाही. ती पुन्हा उभारावीशी वाटू नये, यासाठी शेजाऱ्याशी बोलत राहावे लागते, आणि त्या बोलण्याची छायाचित्रे कुणी काढत नाही.